वेणीमाधवरावांचा समुद्र आणि अंबिकाकाकूंची तुळसा

"मासे पाळणं म्हणजे काय कबुतरं उडवणं आहे?" असं वेणीमाधवराव पाटणकर म्हणाले, की काशीतल्या दुर्गाघाटाच्या गल्लीतली माणसं चहात तोंड खुपसत. त्यांत कबुतरं उडवणारेही असत! पण पाटणकरांशी वाद घालणार कोण? बँकेतून रिटायर झाल्यापासून या गृहस्थांना साऱ्या जगात एकच शहाणा माणूस दिसायचा, आणि तोही दाढी करताना.

"गोडं पाणी कुणीही सांभाळेल," ते म्हणत. "लाल मासे सोडायचे, कणकेच्या गोळ्या टाकायच्या, मेले की नवे आणायचे. खारं पाणी सांभाळायला डोकं लागतं, डोकं!"

झालं! बाहेरच्या खोलीतून त्यांच्या पत्नी शरदिनीबाईंचं शिवणाचं मशीन हललं आणि तिथे भली मोठी काचेची टाकी आली. तळाशी वाळूचा जाड थर पसरला, पाकिटातलं समुद्री मीठ बादलीत कालवलं जाऊ लागलं.

"पायऱ्या उतरलं की गंगा," शरदिनीबाई म्हणाल्या, "आणि हा मनुष्य घरात समुद्र कालवतोय! निदान चार कैऱ्या तरी घालू द्या त्यात."

मग कोलकात्याहून मासा मागवला. जात रॅस, रंग अस्सल हळदीचा. दुकानदार बिचारा फोनवर सांगू लागला, "दादा, ये रॅस बहुत शर्मीला होता है। नया-नया आएगा तो..."

"भाईसाहब, मुझे मत सिखाइए!" म्हणून रावसाहेबांनी फोन ठेवला. शर्मीला म्हणे! मासा का नवरी?

मासा आला. खरं सांगायचं तर इथपर्यंत वेणीमाधवरावांनी काम चोख केलं. पिशवी टाकीत तरंगत ठेवून पाण्याची ऊब सारखी केली. मग मासा बादलीत घेतला, टाकीतून एक बारीक नळी सोडली, तिला गाठ मारली आणि टाकीतलं पाणी थेंब थेंब बादलीत पडू दिलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या अंबिकाकाकू डोकावल्या. एकट्या, कडक सोवळ्याच्या बाई. मागे त्यांची मांजर, तुळसा. ही तुळसा दूधभातावर वाढलेली. एकादशीला काकूंच्या बरोबरीनं उपास करायची, असं काकूच सांगत.

काकूंनी ते थेंब पाहून हात जोडले. "अभिषेक चाललाय का रे?"

"काकू, ये टेक्निकल बात है. एकदम नव्या पाण्यात टाकला तर धक्का बसून मरेल. हळूहळू सवय करावी लागते. तुम्हाला नाही कळायचं!"

"न कळायला काय झालं? नवी सून आणली की असंच करतात. तुझ्या बायकोला कुठे एवढं थेंब थेंब घेतलं होतंत? आल्याबरोबर पोळ्या लाटायला बसवलीत!"

शरदिनीबाई आतून खोकल्या.

शेवटी मासा टाकीत गेला. एक ऐटदार फेरी मारून कोपऱ्यात थबकला. वेणीमाधवराव विजयी मुद्रेनं हात धुवायला गेले, आणि परत येऊन बघतात तो टाकी रिकामी! नळी घातली होती त्या कोपऱ्यात झाकण सरकलेलं! आणि खाली, टाकीच्या पायाशी, तुळसा जिभल्या चाटत बसलेली!

"खाल्ला!" त्यांनी गल्ली हादरवली. "या मांजरीनं माझा मासा खाल्ला!"

खिडक्या उघडल्या, माणसं गोळा झाली. काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "तुळसानं? मासा? चातुर्मासात?"

"मग काय मी खाल्ला? घरात जनावर ठेवायचं तर त्याला वळण लावावं लागतं, काकू!"

परवावर काकूंच्या यजमानांचं श्राद्ध आलं होतं, आणि ही मांजर दिवसभर त्यांच्या चुलीपाशी. माशाला तोंड लावलेलं जनावर त्या स्वयंपाकघरात कसं चालणार? त्या म्हणाल्या, "उद्या नावेत घालून पलीकडे रेतीवर सोडून येते." तुळसाला उचलून त्या जिना चढल्या. त्या घरात काकूंना 'आलीस का?' म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. वेणीमाधवरावांनाही!

संध्याकाळी रावसाहेबांनी कोलकात्याला फोन लावला. दोष मांजरीचा असला म्हणून काय झालं, दुकानदाराला झापायला हरकत नव्हती.

"किधर गया?" दुकानदार हसला. "अरे दादा, बालू में सोया है! यही तो बता रहा था। रॅस डरता है तो बालू में घुस जाता है। दो-चार दिन में खुद निकलेगा। हाथ मत डालिएगा। और ढक्कन बंद रखिए, बहुत कूदता है!"

वेणीमाधवरावांनी फोन ठेवला. एक जिना चढून 'काकू, चुकलो' म्हणायचं होतं, एवढंच! पण 'पाटणकरांना एक गोष्ट माहीत नव्हती' ही बातमी गल्लीत फुटली असती ना! मांजर गेली तरी चालेल, अब्रू राहिली पाहिजे. असली ही अब्रू! जेवताना मात्र त्यांनी भरलं ताट तसंच बाजूला सारलं. "माशाचं सुतक आहे वाटतं," शरदिनीबाई म्हणाल्या.

सकाळी दार वाजलं. काकू उभ्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून तुळसाचं डोकं बाहेर, हातात पितळेचं छोटं घंगाळ, त्यात पाणी. मागे निम्मी गल्ली.

"नाव ठरवलीय," काकू म्हणाल्या. डोळे सुजले होते. "आत्ताच घाटावरून गंगा भरून आणलीय. यात हात बुडव आणि सांग, तुळसानं मासा खाल्ला. मग मी नेते तिला."

आता बघा, हाच गृहस्थ चहाच्या दुकानात गंगेतल्या जंतूंची यादी म्हणून दाखवायचा! 'पाणीच तर आहे!' म्हणायचा! पण जन्म काशीतला. गंगेत हात घालून खोटं बोलायचं म्हटल्यावर तो शहाणा हात पुढे सरकेना!

"काकू, जाऊ द्या. मी तिला माफ केलं!"

"तुझी माफी घाल तुझ्या खाऱ्या पाण्यात! हात बुडव!"

"बुडवा की," शरदिनीबाई म्हणाल्या. "घंगाळ काय चावतंय?"

वेणीमाधवरावांनी घंगाळाकडे पाहिलं. तुळसाकडे पाहिलं. तुळसानं जांभई दिली. आणि मग ते गर्रकन वळले, टाकीचं झाकण भिरकावलं आणि थेट खांद्यापर्यंत हात समुद्रात खुपसला!

"अहो, गंगा इकडे आहे!" शरदिनीबाई ओरडल्या.

ऐकतो कोण? पाटणकर वाळू उपसत होते. पाणी दुधासारखं गढूळ झालं, आणि त्या गढुळातून एक पिवळी रेघ वर उसळली, काकूंच्या नाकासमोरून गेली आणि डुबुक! सरळ घंगाळात!

तुळसानं मान लांब करून घंगाळात पाहिलं, मासा वळवळताच कान पाडले आणि घाबरून पिशवीत दडून बसली.

"बघ! बघ रे!" काकूंना रडू आणि हसू एकदमच आलं. "खाणार कसली? तिला तर माशाची भीती वाटते!"

"गोडं पाणी! मरेल तो!" वेणीमाधवरावांनी चहाची गाळणी घालून मासा काढला आणि टाकीत सोडला. त्यानं अंग झटकलं आणि सगळ्यांदेखत पुन्हा वाळूत घुसला. इतकी माणसं पाहून कोण शहाणा बाहेर राहील?

काकूंनी हळूच विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"काल संध्याकाळपासून." आवाज इतका बारीक, की मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं.

"गंगेपुढे खोटं बोलला नाहीस, तेवढं तुझ्या पदरात घालते," काकू म्हणाल्या. "पण माझं मी बघेन. तिचं काय?" आणि पिशवी पुढे केली. वेणीमाधवराव पाटणकर, रिटायर्ड बँक अधिकारी, भर दारात एका मांजरीपुढे हात जोडून उभे राहिले!

मासा काही दिवसांनी आपण होऊन बाहेर आला. आता छान गलेलठ्ठ झालाय. काकू गल्लीभर सांगतात, "हा थेंब थेंब करत बसला होता, माझ्या गंगेनं एका बुडीत काम केलं!" पाटणकरांना यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण हल्ली ते बोलत नाहीत.

झाकण पुन्हा सरकू नये म्हणून शरदिनीबाईंनी वर जुनी गोधडी घातली. खालून टाकीच्या दिव्याची ऊब लागते, त्यामुळे तुळसा सकाळी खाली उतरते आणि दिवसभर तिथेच झोपते. माशाला खाऊ घालायची वेळ झाली की वेणीमाधवराव डबी घेऊन टाकीपाशी उभे राहतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "तुळसाबाई, जरा उठता का?"

मर्जी असली तर ती उठते.