एडविनरावांची रिकामी ओळ

आमच्या कुकरची शिट्टी कालपेक्षा सुरात उतरली आहे, हे सांगायला शेजारचे एडविन मुद्दाम आमच्या दारात आले होते. तोंडाला मास्क, अंतर राखून उभे, चेहरा गंभीर. मी कुकरची रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून त्यांनी समाधानानं मान डोलावली.

एडविन मूळचे इंग्रज. ऑर्गनच्या पेडलपर्यंत पाय पोचत नव्हते, तेव्हापासून गावच्या चर्चमध्ये वाजवायचे. पुढे मोठ्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गनिस्ट झाले, प्रार्थनागीतांना चाली लावल्या. एका लग्नात वाजवायला म्हणून इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेला आले, नवरीच्या मैत्रिणीच्या, नोराच्या, प्रेमात पडले आणि इथेच राहिले. आता नोरा नाही.

"पुन्हा एकदा, पहिल्यापासून," हे त्यांचं पालुपद. गायकांना ऐकवून ऐकवून ते इतकं अंगवळणी पडलेलं, की गाडी वाकडी लागली तर सरळ करायचे नाहीत. सगळ्या गल्लीला वळसा घालून परत यायचे.

लॉकडाऊनमध्ये चर्च बंद झालं. ऑर्गन न वाजवता ठेवला तर बिघडतो, म्हणून त्यांना किल्ली मिळाली होती. रविवारी काळा झगा घालून ते रिकाम्या बाकांसमोर अख्खी प्रार्थना वाजवायचे. प्रवचन तेवढं वगळता येतं, याचा त्यांना कोण आनंद!

विमानं बंद झाल्यानं माझी आई सांगलीहून येऊन इथेच अडकली होती. ती मागे कपडे वाळत घालताना गुणगुणायची. एकदा एडविननी मला कुंपणापाशी बोलावून सांगितलं, की असा खालचा आवाज दुर्मीळ असतो. मी आईला सांगितलं.

"जाड आवाज म्हणतायत का ते?" आई रागावली. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्याच आवाजापायी तिला मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला उभं केलं होतं. तेव्हापासून ती चारचौघांत कधी गायली नव्हती.

तिची समजूत घालायला मला आठवडा लागला. मग मात्र कुंपणाच्या दोन बाजूंनी तालीम सुरू झाली. भाषा एकमेकांची येत नव्हती. ते हातानं सूर दाखवायचे, ही नुसत्या 'आ'कारात गायची. "एडविनराव फार कडक आहेत," असं घरात येऊन कौतुकानं सांगायची.

दुसऱ्या वर्षीच्या शरदात गाण्यावरची बंधनं उठली. एका दुपारी एडविनराव आम्हाला चर्चमध्ये घेऊन गेले. आईनं पदर खोचला, डोळे मिटले आणि ऑर्गनच्या साथीनं तालमीतलं पूर्ण गीत गायलं. तिचा आवाज त्या उंच छतापर्यंत भरून राहिला.

संपल्यावर एडविनराव पाठमोरेच बसून राहिले. मी जवळ गेलो.

"हा नोराचा सूर. ती अशीच खालच्या आवाजात गायची," ते म्हणाले. "ती गेल्यावर मी कुठल्याच गाण्यात त्या आवाजाची ओळ लिहिली नाही. जागा रिकामी ठेवायचो. तुझ्या आईसाठी परत लिहिली."

आईनं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. ती ऑर्गनपाशी जाऊन उभी राहिली आणि घसा साफ केला.

एडविनरावांनी चष्मा पुसला आणि पान मागे उलटलं.