एक पायरी खालचा दिगू

आमच्या लालबागच्या चाळीत रोज सकाळी पावणेदहाला एक सोहळा असतो. तिसऱ्या मजल्यावरचा दिगू कामाला निघतो, जिन्याची एक पायरी उतरतो, त्या पायरीवर लाकडी पाट ठेवतो, पाटावर चढतो आणि मागे वळून राष्ट्रगीताला उभा राहावा तसा ताठ उभा राहतो. वर जिन्याच्या तोंडाशी त्याची आई, शेवंताकाकी, हात पुढे करून उभी. सोहळा उरकेपर्यंत वरून कोणी उतरत नाही, खालून कोणी चढत नाही. दूधवालासुद्धा दुसऱ्या मजल्यावर पिशवी छातीशी धरून थांबतो.

पायरी सात इंचांची आहे. पाट चार इंचांचा. म्हणजे हा माणूस रोज मोजून तीन इंच बुटका होतो. आणि हेच तीन इंच मिळवायला त्याने दोन्ही नडग्या तोडून घेतल्या होत्या.

आता मी जरा वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे. चाळीत उंदीर निघाला तर माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत त्याने दोन मांजरं खाल्लेली असतात. शिवाय मी आवाज काढतो. चाळीतला कुठलाही आवाज सांगा, भाडं मागणाऱ्या मेहतासकट. पण दिगूच्या गोष्टीत मी भर घातली ती एकदाच, आणि ती इथे लिहितोय ते कौतुकाने नव्हे.

दिगू दादरच्या एका कपड्यांच्या दुकानात पुतळे सजवतो. काचेतले ते गोरेपान, नाकेले, उंच पुतळे. त्यांच्या गळ्यात ओढणी घालायला त्याचा हात पोचायचा नाही, म्हणून दुकानात त्याने स्वतःचा पाट ठेवलेला. तोच हा पाट. पंधरा वर्षं पुतळ्यांच्या संगतीत काढल्यावर माणसाचं जे व्हायचं ते झालं. तो माणसांकडेही पुतळे बघितल्यासारखा बघू लागला. लग्नात नवरदेव बघितला की माझ्या कानात, "प्रमाण बघ, भाई, प्रमाण! कंबर कुठे, गुडघा कुठे!" गणपती बघायला गेलो तर सगळे हात जोडून उभे, आणि हा मूर्तीच्या मांडीचं माप डोळ्यांनी घेतोय.

स्वतःचं प्रमाण मात्र पाच फूट एक इंच. चौतिसाव्या वर्षी गिऱ्हाइकं त्याला सांगायची, "बाळा, कुणी मोठं माणूस असेल तर बोलाव." स्थळं बघायला गेला की बसून असेपर्यंत लग्न ठरलेलं, निरोप घ्यायला उठला की मोडलेलं. एकदा तर तासभर उठलाच नाही. चहा दोनदा झाला, पोहे दोनदा झाले. शेवटी मुलीच्या वडिलांनी पंखा बंद केला.

"भाई, मी पाय वाढवून घेतोय," एक दिवस तो म्हणाला. मला वाटलं, डान्स शिकतोय.

तर हाड कापतात. पायाभोवती लोखंडी कडी बसवतात, त्यांच्या सळ्या आरपार हाडात. मग दिवसातून चार वेळा पाना फिरवायचा. दिवसाला एक मिलिमीटर. मधल्या फटीत नवीन हाड भरत जातं. वाढून झालं की ते पक्कं व्हायला आणखी काही महिने. आमच्या चाळीतले संडास उकिडवं बसायचे, तेव्हा घरी राहणं अशक्य. त्याने हॉस्पिटलच्या जवळ खोली घेतली.

प्रश्न काकींचा होता. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेलेले, आणि अलीकडे त्या विसरायलाही लागल्या होत्या. नडग्या कापायला जातो म्हटलं असतं तर त्या दारात आडव्या पडल्या असत्या. "तू काहीतरी सांग ना, भाई," दिगू म्हणाला. "तुझ्यावर विश्वास बसतो लोकांचा."

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी असं म्हटलं. मी फुगलो.

मी सांगितलं, दिगू गावाला गेलाय, घराचं छप्पर घालायला. फोन का नाही? वाडीत रेंज नाही. आठ महिने मी रोज संध्याकाळी काकींच्या उंबऱ्यात बसून दिगू रचला. दिगूने वासे स्वतः खांद्यावरून वाहून आणले. दिगूने विहिरीत पडलेला बिबट्या दोर टाकून वर काढला, आणि तो बिबट्या आता त्याच्या मागे मागे फिरतो. काकी पदर तोंडाला लावून हसायच्या, आपल्या मालवणीत लेकाचं कौतुक करायच्या. "एवढोसो झील माझो, पण धीर बघ त्याचो!" काकींचं हे बोलणं मी दिगूला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, कोण जाणे. तोवर तो दोन इंच वाढला होता.

दिगू परत आला तो पाच फूट चार इंच होऊन. आमच्या चाळीचं रीडेव्हलपमेंट वीस वर्षं रखडलंय, दिगूचं झालं. फक्त याने तळमजलाच तेवढा वाढवला. वरचे मजले जुनेच. हात सोडून उभा राहिला की बोटं खिशाच्या तोंडाशीच संपतात. खुर्चीत बसला की गुडघे ताटात डोकावतात. मांडी घालता येत नाही, धावता येत नाही, आरतीला मागे भिंतीला टेकून उभा. पहिल्या दिवशी मला घेऊन दुकानात गेला, पाटाशिवाय पुतळ्याच्या गळ्यात ओढणी घातली. मग बराच वेळ काचेत बघत राहिला. "याचे हात बघ, भाई. माझे हात राहिले." तेवढ्यात एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "काका, जरा बाजूला होता का?" दुखण्याने केस पांढरे झाले होते ना. तीन इंचांत बाळाचा काका झाला.

पण खरा फटका घरी बसला. कामाला निघताना काकी रोज दारात हात पुढे करायच्या, आणि दिगूचं डोकं बरोब्बर त्या हाताखाली यायचं. डोळे गेल्यापासून लेकाला ओळखायची हीच त्यांची खूण. परत आल्यावर दिगू तसाच दारात उभा राहिला. काकींचा हात त्याच्या नाकावर आदळला.

"कोण रे तू?"

"आये, मी. दिगू."

"माझो दिगू माझ्या हाताखाली येता. तू लांबडो."

"आवाज तरी ओळख गे!"

"आवाज काय, ह्यो शेजारचो मेलो सगळ्यांचे काढता."

पूर्वी दोघं जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून जेवायची. आता हा खुर्चीवर. काकी घास हातात धरून विचारतात, "वरसून कोण जेवता?"

मी एका संध्याकाळी त्यांच्यापुढे बसलो आणि सगळं खरं सांगितलं. कडी, सळ्या, पाना, मिलिमीटर. एक अक्षर वाढवलं नाही. काकी पोट धरून हसल्या. "हाडां काय रबराची आसत? मेल्या, त्यापेक्षा बिबट्याची गोष्ट सांग."

मग दिगूने दुकानातून पाट घरी आणला. जिन्याची पायरी मोजली. मला म्हणाला, "प्रमाण जमतंय, भाई." पहिल्या दिवशी तो पाटावर उभा राहिला तेव्हा मी दाराआडून बघत होतो. काकींचा हात पुढे आला आणि अलगद डोक्यावर टेकला. बोटं केसांत फिरली, भोवऱ्यापाशी थांबली. काकींचा चेहरा उजळला. दिगूने श्वास धरला. मीही.

"डोक्या अगदी माझ्या झिलासारख्या," काकी म्हणाल्या. मग हात खाली घेत हळूच विचारलं, "तू आमच्या गावचो काय रे?"

आता रोज हेच. हात टेकतो, बोटं भोवऱ्यापाशी थांबतात, आणि काकी रोज नव्याने निरोप देतात. "गावाक गेलंस तर दिग्याक सांग, छप्पर रवांदे, तू घराक ये. आये वाट बघता."

"सांगतो, काकी," दिगू म्हणतो.

मग पाट उचलून माझ्या दाराशी ठेवतो, आणि दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी उतरत जातो.