बाजा वाजतोय तोवर

मुलांना शिकवण्यात मी कधी हरलेली नाही. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलंय! स्वभावही शांत. पण आमच्या मे महिन्याच्या जत्रेच्या अध्यक्षा ट्रेवेनाबाई बैठकीत बोलल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"पेनरोझबाई, यंदा मुलं अडखळली की तुमचा तो फितींच्या नाचाचा खांब अडगळीत! पुढच्या वर्षी हवा भरलेला रबरी किल्ला आणू. मुलं त्यावर उड्या मारतील. तोही डान्सच!"

तोही डान्स? मग बेडूक जन्मभर काय करतो?

मी मुलांना खांबाभोवती उभं केलं, वरून लोंबणारी एकेक फीत हातात दिली. "डान्स म्हणजे उड्या नव्हेत. एकमेकांचे पाय सांभाळत, आत-बाहेर करत खांबावर गोफ विणायचा. बाजा वाजतोय तोवर थांबायचं नाही. थांबला, की पाऊल हलवायचं नाही!"

"शू लागली तर?" टॅम्सिननं विचारलं.

"तरीही!"

जत्रेत गोफ असा सुरेख उतरत होता, की माझे डोळे भरून आले. तेवढ्यात ट्रेवेनाबाई तुरुतुरु खांबाशी गेल्या. "ही फीत सैल आहे!"

मुलं कशाला थांबतात! बघता बघता बाईंच्या कमरेला हिरवी फीत, दंडाला पिवळी.

"अहो, थांबवा यांना!"

"थांबा!" मी ओरडले.

"बाई, बाजा चालू आहे!" टॅम्सिन नाचता नाचता ओरडली.

बाजावाले हॉस्किन ठार बहिरे, त्यात डोळे मिटून वाजवणार. मी तणतणत आत घुसले आणि मिनिटभरात ट्रेवेनाबाईंच्या गालाला गाल लावून बांधली गेले!

"हे शिकवलंत?" त्या माझ्या कानात किंचाळल्या.

"तुम्हाला आत कोणी बोलावलं होतं?"

"हात मोकळा असता ना, तर—"

"माझाही नाहीये, म्हणून वाचलात!"

बाजा थांबला. हॉस्किन आमच्याकडे न बघताच चहाला गेले. मुलं जागच्या जागी खिळली.

"उलट्या पावलांनी नाचा रे, सुटेल गोफ!" मी मुलांना ओरडून सांगितलं.

"बाजाशिवाय? मग तो डान्स कसा, बाई?"

शेवटी आम्ही दोघी गायलो. रागानं थरथरत, दोन वेगळ्या सुरांत! मुलं मात्र शिस्तीत उलटी नाचली. एकही पाऊल चुकलं नाही. शेवटची फीत सुटली आणि मैदान टाळ्यांनी दणाणलं.

खांब वाचला. गावानं एकमतानं ठरवलं : किल्ला नको, दरवर्षी हाच डान्स. अगदी असाच!

त्यामुळे हल्ली दर गुरुवारी ट्रेवेनाबाई माझ्याकडे सरावाला येतात. आम्ही एकमेकींशी बोलत नाही. फक्त गातो.