गिरिजाचं न खाता वाढणारं वजन

चार वर्षांची गिरिजा घरी घासभर खात नव्हती आणि तिचं वजन मात्र वाढत होतं. तिच्या आईने, वर्षाराणीने, हे मोबाइलवर टाकून पाहिलं आणि पाच मिनिटांत सहा रोग मिळवले. त्यातला थायरॉइड तिने मनाशी पक्का केला. (गृहविज्ञानाची पदवी होती. अंदाजपंचे चालणारी बाई नव्हती ती.)

"रोग न्हाई न् काई न्हाई," सासूबाई शांतादेवी म्हणाल्या. "तुझी ती बिनमिठाची खिचडी लई पौष्टिक हाय." 'पौष्टिक' हा शब्द त्या 'पटकी' म्हणावा तसा म्हणत.

खिचडीचा चाहता घरात एकच, सासरे मल्लिनाथ. रोज संध्याकाळी ते गिरिजाला देवदर्शनाला नेत, सोबत खिचडीचा डबा नेत आणि चक्क धुऊन परत आणत. त्या रिकाम्या डब्यावरच वर्षाराणी तग धरून होती.

उद्या अंबाजोगाईला नेऊन पोरीचं रक्त तपासायचं ठरलं. तिच्या एवढ्याशा दंडात सुई जाणार, या विचाराने वर्षाराणीच्याच दंडाला मुंग्या येत होत्या. त्याआधी एक शेवटचा उपाय. मोबाइलवरच्या एका बाईने आपल्या हट्टी मुलाला सिंगापूरच्या चिनी, तमिळ, मलय वस्त्यांतून हिंडवलं होतं आणि पोरगं खायला लागलं होतं. सिंगापूर लांब होतं. परळी दाराशी होती. थर्मलच्या वीजकेंद्रापायी कुठकुठली माणसं इथे येऊन राहिलेली, पण लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी वर्षाराणी भाजीबाजाराच्या पुढे गेली नव्हती.

"मामंजी, आज गिरूला मी नेते. तुम्ही एकटेच जा दर्शनाला."

मल्लिनाथांचा चेहरा पडला. केवढी ही भक्ती, असं तिला वाटलं.

डबा, उकळून गार केलेलं पाणी आणि निरीक्षणांची वही घेऊन मायलेकी निघाल्या. स्टेशनजवळ तेलुगू अण्णाची इडलीची गाडी होती. वर्षाराणी तोंड उघडायच्या आत अण्णाने गिरिजाला पाहून दोन इडल्यांवर तूप सोडलं. "रा अम्मा! चटणी वेगळी ना?" गिरिजाने दोन्ही फस्त केल्या. वर्षाराणीने लगेच वहीत लिहिलं : 'इडली – दोन. हवापालट लागू.'

मारवाडी गल्लीत कचोरीवाले शेठ म्हणाले, "आज दादाजी कठे?" गिरिजा कचोरी फोडण्यात गर्क. (शेठ म्हातारे आहेत, नजर कमी असेल, अशी वर्षाराणीने स्वतःची समजूत घातली आणि 'कचोरी – एक' लिहिलं.)

मोमिनपुऱ्यात जुलेखाबी घरासमोर गुलगुले तळत होत्या.

"आ गई मेरी गिरजा! कायकू देर करी गे? दादा कब के आके बैठे."

पत्र्याच्या आडोशाला, दोन्ही गालांत दोन गुलगुले घेऊन, मल्लिनाथ बसले होते.

"देवळातच गेलतो," ते कसेबसे म्हणाले.

"गिरू," वर्षाराणी क्षीण आवाजात म्हणाली, "घरी का खात नाहीस गं?"

"आजोबा म्हन्ले, पोटात जागा ठिवायची."

"मामंजी! उद्या पोरीचं रक्त काढणार होते मी!"

"अगं, रक्त कावून काढायचं?" मल्लिनाथ घास गिळत म्हणाले. "मला इचारायचं!"

थायरॉइड गेला. वर्षाराणीला रडू आलं, आणि ते सुटकेचं की संतापाचं हे ठरायच्या आत जुलेखाबींनी तिच्या हातात गरम पुडकं ठेवलं. "अच्छा हुआ, घरकीच आ गई. शांताआपा का पार्सल लेके जा. थंडा हुआ तो चिल्लाते."

वर्षाराणी मटकन ओट्यावर बसली. शेजारी बांधलेली शेळी पुठ्ठ्याचा खोका चघळत होती. निदान अन्न वाया नको, म्हणून तिने डबा उघडून पुढे धरला. शेळीने हुंगलं, मान वर करून वर्षाराणीला पदवीसकट न्याहाळलं आणि पुन्हा खोक्याला तोंड लावलं.

जुलेखाबींना भरून आलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"दिल कू नक्को लगा ले, बेटी. दादा रोज डालते, तब बी नै खाती."