मुजीब सरांचा सहावा माणूस

नरसीच्या अलीकडच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत मी बदलून आले, त्या दिवशी मुजीब सरांनी माझा आदेश हातात घेतला, पण वाचला नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, तुमी पुढच्या रांगेतल्या का मागच्या?"

मला वाटलं, कुठल्या तरी प्रशिक्षणाला बसायचं असेल. एसटीत उभी राहून आले होते, पाय दुखत होते. म्हटलं, "मागच्या."

"बराबर. म्हंजे जादूगार," असं म्हणून त्यांनी एका चौकटीच्या वहीत लिहून घेतलं. हजेरीपटात माझं नाव दुपारी चढलं. जादूगार मी सकाळीच झाले होते.

झालं होतं असं, की शाळेच्या ऑफिसात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. गावच्या कुणा साहेबानं शाळेला भेट दिलेला, म्हणजे स्वतःच्या घरातली अडगळ काढलेली. त्याला पेन ड्राइव्ह लावायला भोकसुद्धा नव्हतं. त्यात एकच गोष्ट धड चालायची, एक जुना खेळ. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघांच्या भिंती, आणि आपणच भुयारात उभे आहोत असं समोर दिसायचं. सहा जणांची टोळी करायची आणि मजल्यामागून मजला खाली उतरायचं. तीन जण पुढं, ते मार खातात. तीन मागं. पण उतरायच्या आधी प्रत्येकाचा पेशा ठरवावा लागतो: लढवय्या, चोर, जादूगार नाहीतर हकीम. हकीम म्हणजे बाकीच्यांच्या जखमा बऱ्या करणारा.

या ठरवण्यात सरांचं अर्धं आयुष्य गेलं असेल. एकेका माणसाला ते पंधरा-पंधरा दिवस लावत. ताकद किती, अक्कल किती, नशीब किती, सगळं त्या चौकटीच्या वहीत. भुयाराचे नकाशेही त्यातच, पेन्सिलीनं काढलेले. "पेशा सोच-समजके घ्यावा, मॅडम," ते नेहमी म्हणायचे, "एकदा घेतला की घेतला."

मी काय बोलणार! एकोणिसाव्या वर्षी मामानं डी.एड.चा फॉर्म आणला, मी सही केली. आता सकाळी पोरांची हजेरी ऑनलाइन भरते, दुपारी खिचडीचे फोटो ऑनलाइन टाकते, आणि मधल्या वेळात शिकवायचं असतं हे आठवलं तर शिकवते. अठ्ठावीस वर्षांत जीव नुसता मेटाकुटीला आलाय. सोच-समजके म्हणे.

सरांना मात्र दिसेल त्या माणसाचा पेशा ठरवायची खोड. खिचडी शिजवणाऱ्या कांताबाई त्यांच्या मते जन्मजात लढवय्या. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले, तासभर ओरडले आणि गेले. मी घाम पुसत होते. सर शांतपणे म्हणाले, "ताकद सतरा, अक्कल सहा. पुढच्या रांगेत चालंल, पर नकाशा हातात देऊ नये." मला हसू आलं नाही, कारण खुलासा मलाच लिहायचा होता.

हे सगळं मी चालवून घेतलं. एकच गोष्ट डोक्यात जायची. सहा जणांची जागा असताना सर कायम पाचच जण घ्यायचे. वर त्यात हकीम कधीच नसायचा. मधल्या सुट्टीत ही पाच जणांची फौज खाली उतरायची, चौथ्या मजल्यावर कुणाला तरी विष चढायचं, औषध द्यायला कुणी नाही, की सगळे मागं फिरायचे नाहीतर मरायचे. सर वही मिटून वर्गावर जायचे. पुढच्या आठवड्यात परत नवी निवड.

"सर, सहावा काहून घेत न्हाई तुमी?" मी एकदा वैतागून विचारलं.

"जागा ठेवली."

"कोणासाठी?"

सर चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

शेवटी कांताबाईंनी सांगितलं. "तुमच्या आधी दत्ता मास्तर होते ना बाई इथं. एका खुर्चीवर दोघं बसायचे. डबा एक, बिडी एक. त्या खेळापायी भांडले. नऊ साल झाले, एकमेकाचं तोंड न्हाई बघितलं."

भांडण कशावरून, तर दत्ता मास्तर खेळात हकीम होते, त्याचा त्यांना कंटाळा आला. सगळे तलवारी चालवतात आणि मी बसून मलम लावतो, हे काय, म्हणाले. त्यांना लढवय्या व्हायचं होतं. खेळात पेशा बदलता येतो, पण आधीची विद्या विसरते. मुजीब सर नको म्हणाले. मग सर तालुक्याला मीटिंगला गेले, तेव्हा मास्तरांनी गुपचूप बदलून टाकला. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावर विष चढलं आणि सहाच्या सहा गेले. सर चौथीच्या पोरांसमोर ओरडले, "तुझ्यापायी गेले सगळे!" मास्तर म्हणाले, "खेळ हाय तो." सर म्हणाले, "न्हाई." त्या उन्हाळ्यात मास्तरांनी सिद्धेश्वरकडं बदली मागून घेतली.

घोड्याएवढी दोन माणसं! मी कपाळावर हात मारला.

मग मीच सरांना खोदून विचारलं, तेव्हा बाकीचं कळलं. भुयारात मेलेला माणूस तिथंच पडून राहतो. दुसरी टोळी नेऊन त्याला उचलून आणता येतं, पण टोळीत एक जागा रिकामी लागते. नऊ वर्षांत सरांनी त्या सहांपैकी पाच जण असे वर आणले होते. राहिला होता तो दत्ता मास्तरांचा माणूस, सगळ्यात आतल्या खोलीत.

हळद शिजवायचे दिवस होते, वर्गात निम्मीच पोरं, आणि तालुक्याहून पत्र आलं. जुनं सामान निर्लेखित करायचं, म्हणजे भंगारात काढायचं, शुक्रवारी गाडी येईल. यादीत पहिलाच कॉम्प्युटर. त्या दिवशी सरांनी डबाही उघडला नाही. दोन दिवसांत फौज दोनदा उतरली आणि दोनदा मेली.

बुधवारी मी म्हटलं, "सर, मला हकीम करा."

"तुमी जादूगार हाय."

"जादू राहू द्या. अठ्ठावीस वर्षं मी दुसरं काय करून राहिले? मलमच लावून राहिले ना?"

"हकीम दत्ता होता," सर म्हणाले. "त्याची जागा दुसऱ्याला न्हाई देणार."

मला त्यांचा भयंकर राग आला. "मग राहू द्या त्याला तिथंच पडून! शुक्रवारी भंगारात जाईल तो. तुमी त्याचा मान सांभाळत बसा."

सर उठून बाहेर गेले. बोललं ते मलाच लागलं. पण गुरुवारी सकाळी मी पाहिलं, वहीत माझ्या नावापुढचं खोडून, बारीक अक्षरात हकीम लिहिलेलं.

मधल्या सुट्टीत आम्ही उतरलो. सर नकाशावर बोट ठेवून रस्ता सांगत होते, मी बटणं दाबत होते. चौथ्या मजल्यावर विष चढलं. मी उतरवलं. परत चढलं, परत उतरवलं. कांताबाई पळी घेऊन दारात उभ्या. शेवटच्या खोलीत एक ओळ उमटली, त्यात दत्ता मास्तरांच्या माणसाचं नाव होतं. सरांनी त्याला उचललं आणि आम्ही वर आलो.

वर एक देऊळ असतं. तिथं मेलेल्याला उठवता येतं, पण फसलं तर त्याची राख होते. सरांनी बटणावर ठेवलेलं बोट मागं घेतलं. "न्हाई होत, मॅडम," ते म्हणाले. "राख झाली तं काय करू?"

मी कांताबाईंकडून दत्ता मास्तरांचा नंबर घेतला, फोन लावला आणि सरांच्या कानाला धरला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. "कोण बोलून राहिलं?"

सर म्हणाले, "दत्ता, तू सापडला."

"कुठं?"

"चौथ्या मजल्यावर. आतल्या खोलीत."

"लई दिवस लावले रे मुजीब."

"चुकलं माझं," सर म्हणाले. "उठवू का तुला? राख व्हायची भीती हाय."

"थांब. हात लावू नको." मागं गाडीला किक मारल्याचा आवाज आला. "मी येऊन राहिलो. काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे."

सरांनी फोन माझ्या हातात दिला. मग चौथीच्या वर्गात गेले, तिथली एक खुर्ची स्वतः उचलून आणली, रुमालानं पुसली आणि आपल्या खुर्चीला लावून ठेवली.