चादर पास करणारे राजय्यामामा

राजय्यामामा स्वतः पांघरून झोपल्याशिवाय एकही चादर वाटपाला जाऊ देत नाहीत.

हे मी शब्दशः सांगते आहे. आमच्या पेठेतल्या सेवा क्लबच्या हॉलमध्ये, संस्थापकांच्या फोटोंखाली, एक लांब लाकडी बाकडं आहे. थंडी सुरू झाली की रोज दुपारी चार वाजता मामा तिथे येतात, चपला काढून भिंतीशी जुळवून ठेवतात, देणगीत आलेल्या गठ्ठ्यातली एक चादर ओढतात, डोक्यावरून घेतात आणि आडवे होतात. पंधरा मिनिटांत झोप लागली तर तो गठ्ठा पास. नाही लागली तर नापास. पास गठ्ठ्याच्या वरच्या चादरीवर शिंप्याच्या निळ्या खडूने बरोबरची खूण होते. नापास गठ्ठा देणाऱ्याच्या घरी परत जातो, मग तो देणारा कितीही मोठा असो.

झोप लागली की नाही हे कोण ठरवणार? मामाच.

"झोपेत कसं कळतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"झोपेत कशाला? उठल्यावर कळती की."

क्लबचं नाव सांगत नाही. स्नेह, सेवा, दीप आणि ज्योती यांतले कुठलेही दोन शब्द जोडा, जमून जाईल. असले क्लब सोलापुरात थंडीत उगवतात आणि उन्हाळ्यात पाणपोईपुरते उरतात, असं माझं मत होतं आणि ते मी छापूनही काढलं होतं. मी आणि माझे चार मित्र मिळून एक संघटना चालवतो. संघटनेला ऑफिस नाही, पण पत्रकं भरपूर आहेत. तीन हिवाळ्यांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं, 'एका चादरीला सात हात'. त्यावर क्लबचाच एक फोटो छापला. फोटोत सात पदाधिकारी मिळून एक चादर देत होते आणि ती घेणारी आजी कोणाच्या कोपराखाली होती ते शोधावं लागत होतं. खाली मी विचारलं होतं: 'या फोटोत थंडी कोणाला वाजते आहे?'

ते पत्रक द्यायला मी थेट क्लबच्या हॉलमध्ये घुसले. आत पाचसहा मंडळी कॅरम खेळत भांडत होती आणि बाकड्यावर एक माणूस पायापासून डोक्यापर्यंत चादर घेऊन पडला होता. मला वाटलं, फोटोसाठी कोणीतरी गरीब आणून ठेवलाय. माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभी राहून भाषण सुरू केलं: गरिबांची प्रदर्शनं, दानाचा माज, सरकारची जबाबदारी, सगळं. मी चांगली दहा मिनिटं बोलले. शेवटाकडे आले तशी चादर हलली, तिच्यातून एक पांढरं डोकं बाहेर आलं, जांभई देऊन म्हणालं,

"पास. लई छान लागली." मग माझ्याकडे बघून, "तू थांबलीस का गं? आवाज चांगलाय तुझा. बोलत राहा की."

त्या दिवसापासून मामा मला पत्रक म्हणतात. नाव माहीत आहे, पण हाक तीच. "ए पत्रक, चहा घे." "ए पत्रक, आज कोणावर चिडलीस?"

मामा जन्माने आणि हाताने विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी, क्लबच्या अध्यक्षांशी दोन शब्द कानडी. चादर हातात आली की आधी अंगठ्याने तिची किनार चाचपतात, मग उजेडाकडे धरतात, मग वास घेतात. आपल्या काळ्या बंडीवर घासून कोंडा सुटतो का ते बघतात. हे सगळं झालं की मला वाटायचं, आता झोपायची गरज काय? त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "हात खोटं बोलतो. झोप न्हाई बोलत."

वाटपाच्या दिवशी तर ते क्लबला रडकुंडीला आणतात. रांगेतल्या प्रत्येकाला विचारतात, "कोणता रंग पाहिजे?"

अध्यक्ष बसवराजअण्णा पाण्याच्या मोटारींचे व्यापारी. वेळेला पक्के, तोंडाला तिखट. ते म्हणतात, "मामा, फुकटच्या चादरीला रंग कुठं विचारतात?"

"का? त्याला डोळे न्हाईत का?"

एकदा एस.टी. स्टँडसमोर एका म्हाताऱ्याने तांबडी की हिरवी हे ठरवायला रांग अडवून धरली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, मोराची असती का हो? अण्णांनी कपाळाला हात लावला. मामा शांतपणे रिक्षा करून हॉलवर गेले आणि मोराची घेऊन आले. त्या दिवशी मी माझ्या पुढच्या पत्रकातून मामांचं नाव वगळलं. अण्णांचं ठेवलं.

या वर्षी अण्णांनी मामांचा बंदोबस्त केला.

दरवर्षी क्लब हुरडा पार्टी भरवतो. अक्कलकोट रस्त्यावर शिवाप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात गोवऱ्यांची आगटी पेटते, लोक तिकीट काढून येतात, गूळ, दही आणि शेंगाचटणीबरोबर गरम हुरडा खातात, आणि त्यातून चादरी येतात. या वेळी अण्णांनी आधीच बाहेरगावाहून मऊ ब्लँकेटं मागवली. सगळी करड्या रंगाची, सगळी चेनच्या प्लास्टिक पिशवीत, पिशवीवर क्लबचं नाव. क्लबच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला: पाकिटं फोडायची नाहीत, पार्टीच्या रविवारी प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते तशीच वाटायची. चादरी तपासायच्या नाहीत म्हटल्यावर दुपारी हॉल उघडायचं कारण उरलं नाही. अण्णांनी कुलूप घातलं. कॅरमवाले दुसरीकडे गेले.

मामा तीन दिवस चार वाजता येऊन कुलपासमोर उभे राहिले. चौथ्या दिवशी आले नाहीत.

मला तर विषय मिळाला. गरिबांना न तपासलेला माल, वर प्लास्टिक, वर नाव. पण पत्रकाला पुरावा लागतो. मी क्लबच्या टेम्पोतून एक पाकीट उचललं. चोरलं म्हणा, मला चालेल. ते मामांच्या घरी देऊन आले. म्हटलं, हॉल बंद आहे तर घरी परीक्षा घ्या.

दुसऱ्या दिवशी मामांचा निकाल आला. "नापास. डोळ्याला डोळा न्हाई लागला."

मी त्याच संध्याकाळी पत्रक छापून घेतलं. मथळा: 'ही चादर नापास आहे!' खाली, 'अनुभवी विणकराच्या परीक्षेत क्लबची ब्लँकेटं नापास. गरिबाची थंडी म्हणजे कचराकुंडी आहे काय?' वाक्य मला फार आवडलं होतं.

आमच्या संघटनेत एक मित्र वकिली शिकतो. त्याला काहीच आवडत नाही. तो म्हणाला, "तुलना कुठे आहे? दुसरी एखादी चादर घरी नेऊन बघितली का?" मी चिडले, पण गेले. टेम्पोतच पडलेल्या गेल्या वर्षीच्या गठ्ठ्यातली वरची, निळी खूण असलेली, जाडजूड सोलापुरी चादर मामांना दिली. काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी निकाल: "नापास."

माझी पत्रकं छापून घरी पडलेली. मी तरातरा साखर पेठेत मामांच्या घरी गेले. दुपारचे दोन वाजले होते. मामा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलेले, मांडीवर तीच चादर घडी घालून.

"मामा, ही तुम्हीच पास केलेली आहे. खूण बघा."

मामांनी खूण बघितली. "माझीच हाय."

"मग घरी नापास कशी?"

"न्हाय लागली झोप. खोटं सांगू का?"

"चादरीमुळे नाही लागली?"

मामांनी खोलीभर नजर फिरवली. खोली बरीच मोठी होती आणि तिच्यात त्यांच्या खुर्चीशिवाय फारसं काही नव्हतं. फरशीत ओळीने कापलेले बोल्ट दिसत होते. चार यंत्रमाग उभे असायचे तिथे, हे मला माहीत होतं. मामी गेल्या आणि त्याच वर्षी माग भंगारात गेले, हेही माहीत होतं. मुलगा भिवंडीत आहे, हे सगळ्या पेठेला माहीत आहे.

"तुला लाइट गेली की जाग येती का गं?" मामांनी विचारलं.

"उन्हाळ्यात येते. पंखा बंद पडतो म्हणून."

"आमाला बारा महिने यायची. लाइट गेली की माग थांबायचे, आणि माग थांबले की घरातले सगळे उठून बसायचे. पाळण्यातलं पोरगं पण. खडखड परत सुरू झाली की सगळे आडवे." त्यांनी चादरीची घडी नीट केली. "आता सारखी लाइट गेल्यासारखं हाय."

मी पत्रकात मोठे शब्द सहज लिहिते.  तिथे एवढंच विचारलं, चहा ठेवू का?

"वद्दु," मामा म्हणाले. नको. मग म्हणाले, "ठेव. पण भांडी जरा आपटत ठेव."

मी चहा केला. इतका आवाज करून मी आयुष्यात चहा केलेला नाही. घेऊन बाहेर आले तर मामांची मान खुर्चीवर कलली होती.

मला तेव्हा सगळा हिशोब उलगडला. हॉलमध्ये कॅरमची भांडणं रंगात असली की गठ्ठे भराभर पास व्हायचे. मंडळी कमी असली की तोच माल पुन्हा परीक्षेला बसायचा. म्हणजे माझं पत्रक खोटं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे बसवराजअण्णांनी ज्याला कुलूप घातलं ते काय होतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

रविवारी मी मामांना घेऊन हुरडा पार्टीला गेले. पत्रकांची पिशवीही बरोबर होती. ब्लँकेट खरंच वाईट निघालं तर मी सोडणार नव्हते. रानात माणसांची गर्दी, स्पीकरवर गाणी, पोरांची आरडाओरड, आगटीभोवती धूर. बाभळीखाली एक बाज होती. मी मामांना म्हटलं, "इथं घ्या परीक्षा."

मामांनी मंचाजवळच्या ढिगातलं एक पाकीट घेतलं आणि सगळ्यांच्या देखत चेन ओढली.

"मामा, काय करायलाय हे?" अण्णा धावत आले. "पाहुणे बसलेत की."

"बसू दे की. मी झोपतो, ते बसतेत. त्यांचं काय गेलं?" मामांनी ब्लँकेट चाचपलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं. "चादर हाय का मांजर हाय?" आणि बाजेवर आडवे होऊन डोक्यावरून घेतलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "हे तुझं काम."

"हो," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं थांबा. नापास झालं तर माझं पत्रक वाटेन. पास झालं तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

तेवढ्यात प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात घेतला. समाजाचं ऋण इथपासून सुरुवात केली. ते पाण्याच्या प्रश्नावर येईपर्यंत बाभळीखालून घोरणं ऐकू यायला लागलं. पाहुण्यांना ती दाद वाटली असावी, कारण त्यांनी आवाज चढवला. मामा आणखी गाढ झोपले.

भाषण संपून टाळ्या थांबल्या तेव्हा मामांनी डोकं बाहेर काढलं. सगळे बघत होते. बाहेरगावच्या यंत्रावरचा माल, आणि पास करायचा तो सोलापूरच्या विणकराने. मामांनी ब्लँकेटची घडी घातली.

"पास," ते म्हणाले. "वाईट वाटतंय, पण पास." मग अण्णांना, "फुडच्या वर्षी रंग आणा. माणसाला निवडायला काय तरी पाहिजे."

अण्णा म्हणाले, "आणू." पाकिटं वाटली गेली. फोटोत या वेळीही सात हात होते. ते माझं पत्रक अजून खरं आहे.

मी माइक घेऊन अण्णांची माफी मागितली. मला जड गेलं, अण्णांना मजा आली. खाली उतरले तर शिवाप्पा आगटीपाशी फुंकर घालत होता.

"ताई, इझायली की वो. वाळका कागुद हाय का कुटं?"

मी अख्खी पिशवी त्याच्या हातात दिली. छपाई चांगली होती, जळालीही चांगली. त्या आगटीवरचा हुरडा सगळ्यात जास्त अण्णांनी खाल्ला. ते खात असतानाच मी त्यांना बाजूला घेऊन चार माग, फरशीतले कापलेले बोल्ट आणि लाइट जाण्याची गोष्ट सांगितली. ते चावायचे थांबले. खिशातून हॉलची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"चार ते सहा," ते म्हणाले. "पण कॅरमवाले आता येणार न्हाईत. आवाज कोण करणार?"

"आमची संघटना आहे," मी म्हटलं.

तेव्हापासून संघटनेला ऑफिस मिळालं आहे. रोज चार वाजता आम्ही पाच जण हॉलमध्ये जमतो आणि भांडतो. विषयांची टंचाई नाही. वाटप संपलं, थंडीही संपत आली, पण मामा येतात. चपला भिंतीशी जुळवतात, पुढच्या वर्षासाठी म्हणून एखादी चादर परीक्षेला घेतात.

काल पाण्याच्या पत्रकावर आमचं कधी नव्हे ते एकमत झालं. वकिली शिकणाराही मान्य म्हणाला. हॉल एकदम शांत झाला. बाकड्यावरची चादर हलली आणि मामांचं पांढरं डोकं बाहेर आलं.

"मला मान्य नाही," मी म्हटलं.

चौघंही माझ्यावर तुटून पडले. चादर पुन्हा डोक्यावर गेली.