गुरुलिंगप्पा आणि एकशे दहा अंश

गुरुलिंगप्पांच्या घरी चहा पुढ्यात आला म्हणून लगेच प्यायचा नसतो. आधी ते खिशातून पेनासारखा दिसणारा थर्मामीटर काढतात, त्याची सळई तुमच्या कपात बुडवतात आणि आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून बसतात. "त्र्याहत्तर. थांबा. पासष्टला प्या." पाहुणा कप खाली ठेवतो. "सदुसष्ट... सहासष्ट... हां, घ्या आता!" अशी परवानगी मिळाली की चहा प्यायचा. खरं सांगायचं तर तो त्या वेळी उत्तम लागतो. पण हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सळई घेऊन ते माझ्या खोलीत जेवणाच्या वेळी यायला लागले असते.

मी नळदुर्गच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सहा वर्षं गुरुलिंगप्पाकाकांच्या माडीवर भाड्यानं राहतो. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेली पाण्याची मोटार घेऊन येतो, पीक वाळत असतं, त्याचा जीव वर-खाली होत असतो, आणि काका विचारतात, "जळायच्या आधी किती गरम झाल्ती?"

"लई गरम झाल्ती बघा."

"लई म्हंजे किती? आकडा सांगा, आकडा!"

"हात लावला न्हाय ओ मी."

"लावायला पायजे होता," असं म्हणून काका मोठा निःश्वास सोडतात. जणू मोटार त्यांचीच जळाली.

एकदा उमरग्याला भाचीच्या लग्नात त्यांनी हुग्गीच्या कढईत सळई बुडवली. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, आमच्याकडच्या लग्नातला मानाचा पदार्थ. आचाऱ्यानं झारा खाली ठेवला आणि तो बाजूला जाऊन बसला. मुलीकडच्या चार वडीलधाऱ्यांनी हातापाया पडून त्याला उठवलं. तेव्हापासून लग्नाला निघताना काकू नवऱ्याचे खिसे तपासतात. आंघोळीच्या पाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी हात टेकलेत. न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहून त्या फक्त एवढंच विचारतात, "आंघोळ करायलाव का बटाटे उकडायलाव?"

असा हा लिंगायत माणूस, ज्यानं जन्मात अंड्यालाही हात लावला नाही, तो मटण धुरावर शिजवायचं यंत्र करायला बसला, तेव्हा आमच्या गल्लीला बरेच दिवस पुरेल एवढं हसू मिळालं.

झालं असं. काकांचे शाळेपासूनचे दोस्त युसूफभाई. उमरग्याच्या रस्त्याला त्यांचा ढाबा आहे. त्यांचा पुतण्या आखातातून सुटीवर आला आणि त्यानं मोबाईलवर धुरावर मटण शिजवायची भट्टी दाखवली. युसूफभाईंनी तेलाची दोन पिंपं एकावर एक वेल्डिंग करून तशीच केली. खालच्यात बाभळीचा कोळसा, वरच्यात बकऱ्याची अख्खी रान, म्हणजे मांडी, टांगलेली. झाकण लावून सहा तास मंद धुरात ठेवायची. हैदराबादकडचे ट्रकवाले ती रान खायला मुद्दाम थांबायला लागले. अडचण एकच. विस्तव एकसारखा राहायला हवा. त्यासाठी युसूफभाई सहा तास पिंपाशी उभे राहून खालची झडप कधी उघडायचे, कधी मिटायचे.

काका दुकान बंद करून रोज तिकडं काळा चहा प्यायला जायचे. वारा जिकडून येईल तिकडं खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे वास येत नसे. एके दिवशी परत आले ते थेट माडीवर.

"सर, उद्या तुमचं कॉलेज सुटलं की माझ्यासंगं यायचं. त्या पिंपाचा आकडा लई उड्या मारायलाय. नव्वद, मंग एकदम दीडशे. पायजे एकशे दहा. मला बघवंना."

"पण काका, मटणाचं काम..."

"मटणाचं न्हाय, कोळशाचं. कोळसा शाकाहारी असतोय."

या वाक्यावर पुढं त्यांनी बरंच काही निभावून नेलं.

यंत्र साधंच होतं. मोडीत निघालेल्या बेकरीच्या भट्टीतला उष्णता मोजायचा सेन्सर, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि एक छोटं सर्किट. आच कमी झाली की पंखा लागून कोळशाला वारा घालणार, वाढली की बंद होणार. प्रोग्राम मी लिहायचा आणि काकांनी माझ्या खांद्यामागं उभं राहून तो चुकीचा आहे असं म्हणायचं, अशी कामाची वाटणी झाली.

पहिली चाचणी घरामागच्या परसात. मटण घरात येणं शक्यच नव्हतं, म्हणून काकांनी एक लहान पिंप आणलं आणि त्यात रताळी टांगली. अर्ध्या तासात पंखा वितळून त्याचा लाडू झाला. मग पंखा लांब ठेवून मध्ये स्कूटरच्या जुन्या सायलेन्सरची नळी जोडली. दुसऱ्या चाचणीत पंखा बंद झाला तरी आकडा वर वरच जात राहिला. एकशे चाळीस, एकशे सत्तर. काका झाकणावर ओलं पोतं टाकत ओरडत होते, "साकु! साकु!" कानडीत पुरे म्हटलं तरी कोळसा काही ऐकेना. बंद पंख्यातूनही नळी हवा ओढत होती. काकांनी डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून नळीच्या तोंडाला एक हलकं झाकण लावलं. वारा आला की उघडायचं, थांबला की आपोआप पडायचं. ते झाकण बघून मला माझ्या पदवीची थोडी लाज वाटली.

तरीही आकडा एकशे दहा ओलांडून जायचाच. मी पाटीवर आलेख काढून समजावलं, की आच वाढत असताना पंखा आधीच मंद करायला हवा. काकांनी आलेखाकडं बघितलंच नाही.

"म्हंजे यष्टीचा ड्रायव्हर स्टँडात थांबायचं म्हून फाट्यापासूनच ब्रेक दाबतोय, तसं."

मी सहा वर्षं हा धडा शिकवतोय. इतक्या सोप्या शब्दांत मला तो कधी सांगता आला नव्हता.

या काळात गल्लीनं रताळी खाल्ली. धुरातली रताळी, धुरातली वांगी, एकदा धुरातला भोपळा. लोक काकूंना दुरून बघून रस्ता बदलायला लागले. काकूंचा राग वेगळाच होता.

"ती मटणात घालायची सळई आन् ह्यी चहातली, दोनी येगळ्या हायत का?"

"त्या सळईला लाल दोरा बांधलाय."

"धुतल्यावर दोरा निघाला तर?"

त्या दिवसापासून मटणाची सळई युसूफभाईंकडं मुक्कामाला गेली आणि ती मांसात खुपसायचं काम कायम त्यांच्याकडंच राहिलं.

पण गल्लीतलं हसू गल्लीत राहिलं नाही. जत्रेत मठाची सगळी लायटिंग गेली कित्येक वर्षं काका करायचे, हौसेनं, आठ-आठ दिवस शिडीवर चढून. यंदा मठाचे कारभारी घरी आले. काकांनी त्यांच्या कपात सळई बुडवली नाही, तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"गुरुलिंगप्पा, तुम्ही मटण शिजवायची मशीन करायलाव म्हंत्यात. खरं हाय?"

"म्या कोळसा सांभाळायलो."

"तुमचं बराबर असंल. पर लोकं बोलतेत. यंदा लायटिंगचं दुसऱ्याला सांगितलंय. राग मानू नका."

"राग कशाचा," काका म्हणाले. "त्येला म्हणावं, कळसाकडची वायर जुनी हाय. बदलून घे."

जत्रेच्या दिवशी ते दर्शनाला गेले आणि मान वर न करता परत आले, असं काकूंनी मला सांगितलं. मी त्या संध्याकाळी त्यांना म्हणालो, की काका, एका पिंपासाठी एवढं कशाला? ठेवा बाजूला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आकडा अजून दोन अंश हलायलाय, सर."

मला त्यांचा खरोखर कंटाळा आला होता. छंदाचं एवढं खूळ बरं नाही, असं मी मनाशी पक्कं करून टाकलं.

पुढच्या आठवड्यात नळीचं माप घ्यायला मी दुपारी एकटाच ढाब्यावर गेलो. युसूफभाई बाजाराला गेले होते. त्यांची बायको, शकीलाभाभी, कांदा चिरत बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, की काकांनी या यंत्रापायी जीव खाल्ला आमचा.

भाभींचा हात थांबला. "गुरूभाई तुमकू कुछ बोले नै क्या?"

"काय?"

"इनकू दमा हुआ ना. उमरग्याके डाक्टर साफ बोले, धुएंके पास खडे रहना बंद. गुरूभाईच लेके गए थे, स्कूटर पे. ये तो आते आते रस्तेमेंच रोने बैठे. भट्टी बंद कर्‍या तो मैं दिनभर करूं क्या, बोले. किसीकू बताने नक्को बोले थे." त्यांनी पदराच्या टोकानं डोळे पुसले आणि कांद्याकडं बोट दाखवलं. "कांदा तेज है."

मी माप न घेताच परत आलो. काका दुकानात मोटारीला तार गुंडाळत होते.

"काका, युसूफभाईंना दमा आहे म्हणे."

तार गुंडाळणं थांबलं नाही. "कुणाला? मला कुठं म्हाईत. आकडा उड्या मारायलाय म्हून करायलो मी."

आणि मग, माझ्याकडं न बघता, "तो प्रोग्राम आज व्हईल का पुरा?"

त्या दिवशी पहिल्यांदाच, ते खांद्यामागं उभे नसतानाही, मी रात्रीच्या जेवणाआधी प्रोग्राम पुरा केला.

रविवारी सकाळी नऊला ढाब्यावर यंत्र बसवलं. लाईटीचा भरवसा नव्हता म्हणून काकांनी मोटारसायकलची बॅटरी आणली होती. कोळसा भरला, रान टांगली, युसूफभाईंनी सळई खुपसली, झाकण लागलं. आकडा दाखवणारी पेटी लांब लिंबाखाली टेबलावर ठेवली होती. आम्ही तिघं तिकडं जाऊन बसलो. एकशे सहा. एकशे नऊ. पंखा मंद झाला. एकशे दहा. आणि आकडा तिथंच राहिला.

काकांनी पेटीवरची धूळ फुंकली.

युसूफभाई मात्र बेचैन होते. दर दहा मिनिटांनी उठायचे, पिंपाकडं चार पावलं टाकायचे, खोकायचे आणि काकांनी हाक मारली की परत यायचे. एकदा गिऱ्हाईक आलं नसताना टेबल पुसून आले. एकदा माझ्या पाण्याच्या ग्लासात उगाच आणखी पाणी ओतलं. शेवटी साडेअकराच्या सुमाराला उभ्या उभ्याच म्हणाले, "गुरू, मेरेकू कुछ तो काम बता रे. मैं अब करूं क्या?"

काकांनी आपली खुर्ची थोडी सरकवली, शेजारची रिकामी खुर्ची हातानं झटकली.

"बस," ते म्हणाले. "शाळा सुटल्यापासनं तुला निवांत बसलेलं म्या बघितलंच न्हाय."

युसूफभाई बसले. हायवेवरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, ड्रायव्हरनं हात केला, आणि दोघांनी एकदमच हात वर केला.